खातं, वही आणि खिडकी: सदाशिव पेठेतल्या एका औषध वितरकाचं प्रकरण

सदाशिव पेठेतल्या औषधांच्या घाऊक बाजारात संध्याकाळी शिरायचं तर अंग चोरूनच शिरावं लागतं. दुचाकीच्या दोन्ही बाजूंना खोके बांधलेली डिलिव्हरीची पोरं, काउंटरला खेटून चिठ्ठी वाचणारी केमिस्टांची माणसं, आणि त्यातून वाट काढणारा चहावाला. या गर्दीतल्या एका जुन्या पेढीचं हे प्रकरण आहे. नाव छापायचं नाही, या अटीवर मालकांनी लिहायला परवानगी दिली. मालक दोन आहेत. थोरले सत्तरीच्या पुढचे. धाकटे म्हणजे त्यांचा मुलगा, बी. फार्म. करून धंद्यात आलेला. विक्रीचा काउंटर पेठेत, मोठं गोडाऊन नऱ्ह्याला आणि माल जातो तो पार सासवड, भोर, पौडपर्यंत. आम्ही तिघं सॉफ्टवेअरवाले त्यांच्याकडे गेलो २०२२च्या नोव्हेंबरात.

आम्हाला बोलावलं होतं ‘सगळं नवीन करून द्या’ म्हणून. ते आम्ही केलं नाही, आणि हे प्रकरण मुख्यतः त्याबद्दलच आहे.

पेढीचा सगळा कारभार फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस साधनात लिहिलेल्या एका प्रोग्रामवर चालायचा. थोरल्यांच्या एका स्नेह्याने तो वर्षानुवर्षं वाढवत नेला होता. आता ते निवृत्त होऊन परदेशी मुलाकडे असतात. मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल फॉक्सप्रोची शेवटची आवृत्ती २००४मध्ये काढली आणि जानेवारी २०१५मध्ये तिचा पाठिंबाही थांबवला. पण पेठेत कोणाला त्याचं काय? प्रोग्राम चालत होता. मी त्याला नावं ठेवायला तयार नाही. बिलिंगच्या ताई माउसला हात न लावता, पडद्याकडे अर्धंच लक्ष देऊन, फोनवर केमिस्टाशी बोलत बोलत चाळीस ओळींचं बिल करायच्या. आजच्या कुठल्याही चकचकीत वेबपेजवर तो वेग मला दिसलेला नाही.

दुखणं वेगळंच होतं. सगळ्या फाइली एका शेअर केलेल्या फोल्डरमध्ये आणि अकरा संगणक थेट त्यांत लिहिणारे. या जातीच्या डेटा फाइलला २ जीबीची मर्यादा असते, म्हणून दर वर्षी जुन्या नोंदी वेगळ्या काढाव्या लागत. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली आणि विजेच्या बॅकअपने दगा दिला की इंडेक्स, म्हणजे नोंदी शोधायची सूची, बिघडायचा. मग रीइंडेक्स होईपर्यंत अख्खी पेढी चहा पीत बसायची. केमिस्टांकडून मोबाइलवर ऑर्डर घेणारं एक ॲप मधल्या काळात विकत घेतलं होतं. तेही त्याच फाइलींत हात घालायचं. ऐन संध्याकाळी ताईंच्या पडद्यावर ‘रेकॉर्ड इज इन यूज बाय अनदर युजर’ झळकलं की समजायचं, ॲप माल मोजायला बसलंय.

१ जुलै २०१७ला जीएसटी आला तेव्हा कर मोजणारी ओळ प्रोग्राममध्ये जागोजागी सापडली होती. बिलात, खरेदीत, एक्स्पायरीच्या परतीत, ब्रेकेजमध्ये, स्कीमच्या फुकट मालाच्या हिशोबात, सगळीकडे वेगवेगळी. तेव्हा त्या स्नेह्यांनी रात्री जागून निभावून नेलं. १ ऑक्टोबर २०२२ला दहा कोटींवरच्या उलाढालीला ई-इन्व्हॉइस, म्हणजे बिल सरकारी पोर्टलवर नोंदवणं, लागू झालं आणि पेढी त्या कक्षेत आली, तेव्हा जागायला कोणी उरलं नव्हतं. दिवसाची बिलं एका फाइलीत काढायची, पोर्टलवर चढवायची, तिथून आयआरएन (बिलाचा नोंदणी क्रमांक) आणि क्यूआर परत आणायचे, मग बिलं पुन्हा छापायची. तोवर माल दारात. भोरची गाडी दुपारी निघायची ती दिवेलागणीला निघू लागली.

पहिल्या बैठकीत आम्ही सेवाभिमुख रचना, सर्व्हिस, इंटरफेस वगैरे शब्द फेकले. थोरल्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “अहो, पूर्वी बँकेत कसं होतं? प्रत्येक खात्याची वही वेगळी, आणि खिडकी वेगळी. स्लिप द्यायची, पावती घ्यायची. आत जाऊन लेजर उघडलं तर शिपाई हाकलून देईल.” त्या दिवसापासून आम्ही आमचे शब्द टाकून दिले. खातं, वही, खिडकी. एका खात्याची वही त्याच खात्याने लिहायची. दुसऱ्या कोणाला काही हवं असेल तर खिडकीवर यायचं, ठरलेल्या नमुन्यात विचारायचं, ठरलेल्या नमुन्यात उत्तर मिळेल. आत वही कागदाची आहे, फॉक्सप्रोची आहे की आणखी कशाची, हे बाहेरच्याने विचारायचं नाही. सर्व्हिस ओरिएंटेड आर्किटेक्चर म्हणजे एवढंच. धाकट्यांसाठी काउंटरवरच्या यूपीआयच्या क्यूआरचं उदाहरण पुरलं: गिऱ्हाइकाचं ॲप कुठलं, बँक कुठली, हे तुम्ही कधी विचारता का?

सर्व्हिस ओरिएंटेड आर्किटेक्चर हा शब्द मुळात गार्टनर या सल्लागार कंपनीच्या विश्लेषकांनी १९९६मध्ये वापरात आणला. पुढच्या दशकात मोठ्या कंपन्यांनी तो खोक्यात भरून विकला. एक महागडी मधली ‘बस’, म्हणजे प्रोग्रामांमधले निरोप वाहणारं सॉफ्टवेअर, घ्या, सगळं तिला जोडा, झाली तुमची रचना. कित्येकांचे पैसे त्यात गेले आणि २००९च्या सुरुवातीला एका नामांकित विश्लेषिकेने ही संज्ञा मेल्याचं जाहीरही केलं. कल्पना मेली नाही. २०१४नंतर ती मायक्रोसर्व्हिसेस या नावाने, जरा बारीक तुकडे करून, परत आली. मला विचाराल तर खोका विकत घेणारे ज्या कारणाने फसले, त्याच कारणाने बारीक तुकडेवालेही फसतात. वही कोणाची हे ठरवायच्या आधीच ते भिंती बांधायला घेतात.

पहिलं खातं निघालं कराचं. त्याला दोन कारणं. तिथे आग लागलेली होती, आणि कराचे नियम पेढीतलं कोणी ठरवत नाही, ते दिल्लीहून येतात. बाहेरून वारंवार बदलणारी गोष्ट आधी वेगळी काढावी, हा आमचा ठोकताळा. जुना प्रोग्राम जागेवरच राहिला, ताईंचा पडदा तोच राहिला. फक्त बिल सेव्ह करताना फॉक्सप्रोने कराच्या खिडकीवर जाऊन विचारायचं. फॉक्सप्रोला हे जमतं, विंडोजमधल्याच एका घटकाच्या मदतीने. सतरा ठिकाणच्या कर मोजणाऱ्या ओळी काढून तिथे एकच प्रश्न आला: हा माल, ही तारीख, हा व्यवहार, कर किती?

ई-इन्व्हॉइसही त्याच खात्याकडे दिलं आणि इथे आमची पहिली चूक झाली. बिल झालं की लगेच सरकारी पोर्टलला विचारायचं आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं, असं आम्ही लिहिलं. पोर्टल मंद झालं की ताईंचा पडदा गोठायचा. आठवडाभर शिव्या खाल्ल्यावर अक्कल आली: बिल खिडकीवर ठेवून ताईंनी पुढच्या बिलाला लागावं, खात्याने रांगेतून एकेक पोर्टलकडे न्यावं आणि आयआरएन आला की छपाई आपोआप व्हावी. माल बांधायला तेवढा वेळ लागतोच. त्यामुळे गाडीसाठी कागद तयार नाही, असं नंतर क्वचितच झालं. दुसऱ्याच्या घड्याळावर चालणारं काम स्वतःच्या काउंटरवर उभं करू नये, हे आम्हाला पुस्तकातून माहीत होतं. कळलं ते पेठेत.

दुसरं खातं मालाचं. हे तीन आठवड्यांत होईल असं मी धाकट्यांना सांगितलं होतं. चार महिने लागले आणि त्यातले दोन महिने एकही ओळ लिहिली गेली नाही. कारण ‘स्टॉक म्हणजे काय’ या प्रश्नाला पेढीत तीन उत्तरं होती. नऱ्ह्याच्या गोडाऊनवाल्यांच्या लेखी रॅकवर जे आहे तो स्टॉक. ताईंच्या लेखी त्यातून लवकर एक्स्पायर होणारा माल आणि आधीच कोणाच्या तरी ऑर्डरला लागलेला माल वजा जाता जे उरेल तो. अकाउंट्सच्या लेखी खरेदीचं बिल चढलं की स्टॉक, मग खोका अजून भिवंडीत का असेना. तिघंही बरोबर. जुन्या प्रोग्राममध्ये तिन्ही आकडे एकाच फाइलीत, एकाच नावाने, प्रत्येकाच्या सोयीने बदलत होते. ॲपवर माल दिसतो आणि फोन केला की नसतो, ही केमिस्टांची जुनी तक्रार यातूनच आली होती. ॲप बनवणाऱ्याला सगळे दोष देत होते, पण त्याने एक आकडा वाचून दाखवला एवढंच.

हे ठरवायला बैठका झाल्या त्या नऱ्ह्याला, खोक्यांवर बसून. शेवटी मालाच्या खिडकीवर तीन वेगळे प्रश्न ठेवले: आहे किती, विकता येईल किती, येणार किती. मेल्विन कॉनवे यांनी १९६८मध्ये लिहून ठेवलंय की संस्था जशी आपापसांत बोलते तशीच तिची यंत्रणा बनते. आम्हाला उलटंही दिसलं: यंत्रणेसाठी प्रश्न नीट विचारावे लागले म्हणून गोडाऊन आणि काउंटर एकमेकांशी बोलले. धाकटे आजही म्हणतात की पैसे वसूल झाले ते त्या खोक्यांवर.

याच टप्प्यात आम्ही अतिशहाणपणा केला. एक्स्पायरीचे नियम गुंतागुंतीचे असतात. कुठली कंपनी किती महिने आधी परत घेते, कुठला केमिस्ट किती मुदतीचा माल स्वीकारतो, वगैरे. म्हणून आम्ही एक्स्पायरीचं स्वतंत्र खातं काढलं. मग काय, बिलाच्या प्रत्येक ओळीला दोन खिडक्या. मालाच्या खिडकीवर बॅच विचारायची, एक्स्पायरीच्या खिडकीवर ती चालेल का विचारायचं, नाही म्हटलं की परत मालाकडे. चाळीस ओळींच्या बिलाला ताईंचा वेग निम्म्यावर आला. त्यांनी एकदाच, शांतपणे विचारलं, “तुम्ही हे आमच्यासाठी केलंत का स्वतःसाठी?” दोन्ही खाती एकत्र केली. जे नेहमी एकत्रच विचारलं जातं ते एकाच वहीत हवं. मोठ्यांचंही असं होतं. ॲमेझॉनच्या प्राइम व्हिडिओने २०२३मध्ये प्रसारणावर नजर ठेवणारी आपली एक यंत्रणा तुकड्यांतून परत एकसंध केली आणि तिचा खर्च ९० टक्क्यांहून जास्त उतरल्याचं स्वतःच सांगितलं. आमचे आकडे तेवढे देखणे नव्हते, लाज मात्र तेवढीच वाटली.

आणखी एक चूक सांगून टाकतो, कारण ती खिडकीच्या पद्धतीत हमखास होते. पौडच्या पुढे नेटवर्क जातं-येतं. केमिस्टाने ॲपवर ऑर्डर पाठवली, ती पोहोचली, बिलही लागलं, पण पावती परत जाताना नेटवर्क गेलं. ॲपला वाटलं ऑर्डर गेलीच नाही, त्याने पुन्हा पाठवली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या केमिस्टाच्या दारात इन्शुलिनचे दोन डबे, दोन्ही बर्फात. इन्शुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावं लागतं, त्याचा फ्रिज आधीच भरलेला, आणि परतीच्या वाटेवर माल थंड राहील याची खात्री कोण देणार? त्या दिवशी थोरल्यांनी आम्हाला चहासुद्धा विचारला नाही. उपाय साधा होता: प्रत्येक ऑर्डरला पाठवणाऱ्यानेच क्रमांक द्यायचा, आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर खिडकीने नवीन काही न करता जुनीच पावती परत द्यायची. एकाच प्रोग्राममध्ये सगळं चालतं तेव्हा हा प्रश्न पडत नाही. भिंती घातल्या की पडतो, आणि त्याचं उत्तर भिंत घालायच्या दिवशीच द्यावं लागतं.

२०२४मध्ये किमती आणि स्कीम वेगळ्या काढल्या. कारण किरकोळ होतं. ‘दहावर एक’ ही स्कीम कोणत्या केमिस्टाला आणि कधीपर्यंत, यावरून रोजची भांडणं. तोपर्यंत एमआरपी बॅचला चिकटलेली होती, पाकिटावर जे छापलंय तेच. आम्ही किमतीचा प्रश्न असा केला: हा माल, ही बॅच, ही तारीख, किंमत किती? यातला तारीख हा भाग धाकट्यांना फालतू वाटला होता. बॅचची किंमत कधी बदलते का?

३ सप्टेंबर २०२५च्या रात्री जीएसटी परिषदेचा निर्णय आला. १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जाणार, औषधं १२ वरून ५ वर, ३३ जीवरक्षक औषधांवर कर शून्य. लागू २२ सप्टेंबरपासून, ऐन घटस्थापनेला. हातात एकोणीस दिवस, त्यात ६ तारखेला अनंत चतुर्दशी, म्हणजे विसर्जन संपेपर्यंत पेठेत गाडी आणणं अशक्य. शिवाय नुसता दर बदलून भागणार नव्हतं. एमआरपीत कर धरलेला असतो. ११२ रुपयांच्या पाकिटात १०० मूळ किंमत आणि १२ कर. तेच पाकीट आता १०५ला विकायचं. औषधांच्या किमतींवर नजर ठेवणाऱ्या प्राधिकरणाने सांगितलं की बाजारातल्या जुन्या मालावर नवं लेबल लावण्याची सक्ती नाही. कंपन्यांनी सुधारित किंमतयादी द्यायची आणि विक्री नव्या किमतीने व्हायची. म्हणजे पाकिटावर एक आकडा, बिलावर दुसरा, आणि बॅच तीच.

ती फालतू तारीख इथे कामाला आली. कराच्या वहीत नवे दर ‘२२ सप्टेंबरपासून’ म्हणून आधीच लिहून ठेवले. कंपन्यांच्या याद्या येत गेल्या तशा किमतीच्या वहीत चढत गेल्या. मालाच्या खात्याला, ऑर्डरच्या ॲपला, ताईंच्या पडद्याला, गोडाऊनला हात लावला नाही. रविवारी, सर्वपित्री अमावास्येला, पुढची तारीख टाकून चाचणीची बिलं काढली आणि सीएंना दाखवली. सोमवारी सकाळी काउंटर नेहमीच्या वेळेला उघडला.

सगळं गुळगुळीत झालं असं नाही. मंगळवारी सीएंचा फोन आला: एक्स्पायरीच्या परतीची एक क्रेडिट नोट, म्हणजे परत आलेल्या मालाची वजावटीची चिठ्ठी, ५ टक्क्यांनी निघाली आहे, मूळ विक्री मात्र जुलैतली, १२ टक्क्यांची. मूळ बिलाच्या आधारे दिलेल्या क्रेडिट नोटला मूळ बिलाचाच दर लागतो. जुना प्रोग्राम परतीच्या वेळी आजची तारीख घेऊन खिडकीवर जात होता, जायला हवा होता मूळ बिलाची घेऊन. दुरुस्ती एका जागी झाली, अर्ध्या तासात. २०१७ साली अशा चुका शोधायला किती दिवस गेले होते, ते अकाउंट्सच्या काकांनी त्या वेळी न विचारता सांगितलं.

इथे एक प्रामाणिक गोष्ट. तयार बिलिंग पॅकेज वापरणाऱ्यांनाही त्यांच्या कंपनीकडून अपडेट मिळालं असणार. एक काउंटर, एक गोडाऊन, नेहमीचा धंदा असेल तर मी तेच घ्या म्हणेन. खाती पाडायचा खर्च अशा दुकानाला झेपत नाही आणि गरजही नसते. या पेढीलाही फुकट काही मिळालेलं नाही. पूर्वी प्रोग्राम बंद पडला तर सगळा बंद पडायचा, निदान कळायचं तरी. आता एक खिडकी बंद आणि बाकीच्या चालू, मग घोटाळा कुठे आहे हे शोधायला सवय लागते. इंटरनेटच्या दोन वेगळ्या लाइन घ्याव्या लागल्या. प्रत्येक खात्याची नोंदवही रोज बघणारा एक मुलगा पगारावर ठेवावा लागला. धाकट्यांनी हा खर्च पहिल्या अंदाजपत्रकात धरलाच नव्हता. चूक आमची, आम्ही सांगितलं नव्हतं.

फायदा विचाराल तर धाकटे कराचं नाव घेत नाहीत. ते ॲपचं घेतात. मोबाइल ऑर्डरच्या ॲपवाल्याने वार्षिक भाडं एकदम वाढवलं तेव्हा पूर्वी निमूट भरावं लागलं असतं, कारण त्याचा हात आमच्या फाइलींत कोपरापर्यंत होता. या वेळी धाकट्यांनी दुसऱ्याला बोलावलं, खिडक्यांचा नमुना त्याच्या हातात दिला, महिनाभर दोन्ही ॲप शेजारी शेजारी चालवली आणि जुन्याला नमस्कार केला. पुढे एका रुग्णालयाने सांगितलं की आमची खरेदी आमच्याच संगणकातून होते, तुमचा माल तिथे दिसला पाहिजे. त्यांनाही तीच खिडकी दिली. फक्त ‘विकता येईल किती’ हा एकच प्रश्न त्यांच्यासाठी उघडा ठेवला. रुग्णालयाचं काम मिळालं ते अर्थात भावामुळे आणि धाकट्यांच्या चिकाटीमुळे. पण ‘जोडून देऊ का, बघून सांगतो’ म्हणायची वेळ आली नाही.

एक खातं अजून निघायचं आहे. उधारीचं. ती वही आजही फॉक्सप्रोतच आहे, आणि गुरुवारी वीज गेली तर तेवढीच एक रीइंडेक्स होते. आम्ही गेल्या वर्षी ते काढायला घेतलं आणि पहिल्याच प्रश्नाला अडलो. कोणत्या केमिस्टाला किती मर्यादा? थोरले म्हणाले, आकडा लिहून घ्या, पण तो खरा धरू नका. सासवडच्या एका दुकानदाराकडे मर्यादेच्या दुप्पट बाकी आहे, तरी त्याला माल जातो. त्याच्या वडिलांनी थोरल्यांना सुरुवातीच्या काळात तीन महिने सांभाळून घेतलं होतं. दुसरा एक वेळेवर पैसे देतो, पण हल्ली त्याचं दुकान दुपारी बंद दिसतं, म्हणून त्याच्याबाबत जपून. हे कुठल्या रकान्यात बसवायचं?

बसवलं नाही. उधारीच्या खिडकीला फक्त तीन उत्तरं दिली: हो, नाही, आणि थोरल्यांना विचारा. तिसरं उत्तर आलं की ऑर्डर थांबते, थोरल्यांच्या फोनवर केमिस्टाचं नाव आणि रक्कम जाते, ते एक बटण दाबतात आणि गाडं पुढे सरकतं. बाकीच्या खात्यांना पलीकडे यंत्र आहे की माणूस हे कळत नाही, कळायचं कारणही नाही. दुपारी जेवण झाल्यावर थोरले पडतात तेव्हा या उत्तराला तासभर लागतो. भोरची गाडी तेवढी थांबते.